जीपीएस बंद, ट्रान्झिस्टर चालू: कोल्हापुरात बसून आकाशवाणीवरून आपली जागा कशी काढायची

घरात माळ्यावर एखादा जुना ट्रान्झिस्टर धूळ खात पडला असेल तर तो खाली काढा. त्यावर मीडियम वेव्ह लागत असेल, तर मोबाइल, नेटवर्क, जीपीएस यातलं काहीही न वापरता आपण नकाशावर साधारण कुठे आहोत ते काढता येतं. आकाशवाणीचे टॉवर जागचे हलत नाहीत. ते कुठे उभे आहेत ते नकाशात बघता येतं. आणि रेडिओ फिरवला की टॉवर कोणत्या रेषेत आहे ते कानाला कळतं. अशा तीन रेषा मिळाल्या की जागा मिळाली.

युक्ती जुनी आहे. पूर्वी विमानात दिशाशोधक रेडिओ असायचा आणि वैमानिक तो सरळ एखाद्या शहराच्या ब्रॉडकास्ट केंद्रावर लावून त्या शहराकडे जायचे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर चालून आलेल्या जपानी विमानांनी होनोलुलूच्या केंद्रावर लागलेल्या संगीताचा असाच माग धरला होता. याच धास्तीने अमेरिकेने १९५१ मध्ये एक व्यवस्था उभी केली. हल्ल्याची चाहूल लागली की फक्त ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर प्रसारण ठेवायचं, तेही केंद्रं आलटून पालटून, म्हणजे शत्रूच्या विमानाला कुठल्याच एका टॉवरची दिशा धरता येऊ नये.

आता अपेक्षा किती ठेवायची ते आधीच सांगतो. साध्या ट्रान्झिस्टरवर चार-पाच किलोमीटरच्या आत आलात तरी झकास म्हणायचं. पेठ कोणती, गल्ली कोणती ते यातून कळणार नाही. पण आपण कोल्हापुरात आहोत, पन्हाळ्यावर आहोत की थेट कराडला पोचलोय, एवढं छातीठोकपणे सांगता येतं.

सामान

मुख्य वस्तू म्हणजे मीडियम वेव्हचा रेडिओ. हल्ली बाजारात मिळणारे बरेच स्वस्त सेट नुसते एफएम आणि ब्लूटूथचे असतात, ते इथे कामाचे नाहीत. मोबाइलमधला एफएमही नाही. तबकडीवर ५३० ते १६०० असे आकडे दिसले पाहिजेत. काट्याचा जुना सेट असेल तर उत्तमच. डिजिटल आकड्यांचा असेल तर तो ९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने चालतोय ना ते बघा. काही सेट अमेरिकेच्या सवयीने १० च्या टप्प्यावर ठेवलेले असतात आणि मग आपली केंद्रं नीट लागत नाहीत. आपल्याकडची प्रत्येक मीडियम वेव्ह फ्रिक्वेन्सी ९ च्या पाढ्यात येते. पडताळायला आकड्यांची बेरीज करायची. ७९२ ची बेरीज १८, १२५१ ची ९. बेरजेला ९ ने भाग जात नसेल तर तुम्ही आकडा चुकीचा लिहून घेतलाय.

बाकीचं सामान शाळकरी आहे. दीडेक फुटाचा प्लायवुडचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा, कंपास पेटीतला कोनमापक, एक आलेख कागद, बटर पेपर, पट्टी, पेन्सिल आणि प्लास्टिकचं स्टूल. लोखंडी स्टूल नको. पुठ्ठ्यावर कोनमापकाने ० ते ३६० अंशांचं वर्तुळ आखून घ्या, पाच-पाच अंशांच्या खुणा पुरे.

रेडिओच्या पोटात काय आहे

सेटचं मागचं झाकण उघडा. आत काळ्या रंगाची, पेन्सिलीएवढी किंवा त्याहून आखूड कांडी दिसेल आणि तिच्यावर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असेल. ही फेराइटची कांडी म्हणजेच मीडियम वेव्हची अँटेना. बाहेर ओढून लांब करायची दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हची, तिचा इथे संबंध नाही. ती मिटूनच ठेवा. कांडी बहुतेक वेळा सेटच्या लांबीला समांतर, वरच्या कडेला असते. तुमच्या सेटमध्ये ती कशी आहे ते बघून झाकणावर बाहेरून स्केचपेनने कांडीच्या रेषेत बाण काढा. पुढचं सगळं काम या बाणावर चालतं.

कांडी टॉवरला आडवी असली की आवाज सगळ्यात मोठा येतो. कांडीचं टोक टॉवरकडे वळलं की आवाज बसतो. नवखा माणूस हमखास मोठ्या आवाजाच्या मागे लागतो आणि तिथेच फसतो. मोठ्या आवाजाच्या जागेपासून रेडिओ १० अंश वळवला तर सिग्नल जेमतेम दीड टक्का घटतो. एवढा फरक कुणाच्याच कानाला कळणार नाही. त्यात सेटच्या आतली आवाज सावरणारी व्यवस्था तोही झाकून टाकते. उलट आवाज बसतो त्या जागेपासून १० अंश वळा, सिग्नल शून्यावरून थेट सतरा टक्क्यांवर जातो. हा बदल कानाला लगेच कळतो. म्हणून मोजायची ती आवाज बसण्याची दिशा. पुढे तिला मी मुकी दिशा म्हणतो.

एकदा करून बघा म्हणजे पटेल. सांगली केंद्र लावा, रेडिओ स्टुलावर आडवा ठेवा आणि दोन बोटांनी सावकाश फिरवत राहा. बराच वेळ काहीच होत नाही, निवेदिका आपली शेतीमालाचे भाव सांगत असते. मग एका ठिकाणी तिच्या आवाजाखालून खरखर वर यायला लागते. आणखी थोडं वळवलं की शब्द तुटतात, खरखर चढते आणि बाई बुडतात. अजून दोन-चार अंश गेलात की पुन्हा वर येतात, पहिल्याइतक्याच खणखणीत. जवळच्या केंद्राची ही खाच इतकी अरुंद असते की घाईत फिरवलं तर हातातून निसटते. लांबच्या, क्षीण केंद्राची खाच रुंद आणि पसरट असते.

मुकी दिशा एक रेषा देते. टॉवर त्या रेषेच्या या टोकाला की त्या, ते रेडिओ सांगत नाही. आपल्याला त्याने अडत नाही, कारण सांगली कोल्हापूरच्या पूर्वेला आहे हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

कुठली केंद्रं धरायची

कोल्हापूरचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र १०२.७ वर एफएम आहे, त्यामुळे या कामात ते बाजूला राहतं. मीडियम वेव्हवर आजूबाजूला सांगली १२५१, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७, धारवाड ७६५ आणि पुणे ७९२ किलोहर्ट्झ ही मंडळी आहेत. नशिबाने ती आपल्या चारी बाजूंनी पसरलेली आहेत. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने बरेच मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद केलेत, तेव्हा आधी एक दिवस नुसतं ऐका आणि जे लागतंय त्याचीच यादी करा. केंद्रांच्या सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा सभा असतात आणि मधल्या वेळेत प्रसारण थांबतं, हेही लक्षात असू द्या.

ओळख पटवताना एक खोच आहे. प्रादेशिक बातम्या पुण्याहून निघतात आणि राज्यातली इतर केंद्रंही त्या जशाच्या तशा लावतात. म्हणजे त्या वेळी पुणे, सांगली, रत्नागिरी सगळीकडे एकच माणूस बोलत असतो. बातम्या संपून ‘आकाशवाणीचं अमुक केंद्र’ अशी उद्घोषणा होईपर्यंत वहीत नाव लिहू नका. धारवाडची कन्नड लगेच ओळखू येते. पणजीवर कोकणी लागली की शंका नाही.

आता आकडे. कोल्हापूर शहर मध्यभागी धरून, सरळ रेषेत आणि उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले: सांगली ६४ अंशांवर, सुमारे ३८ किलोमीटर. धारवाड १४९ अंशांवर, १६० किलोमीटर. पणजी १९८ अंशांवर, १४० किलोमीटर. रत्नागिरी २८८ अंशांवर, १०४ किलोमीटर. पुणे ३४९ अंशांवर, २०५ किलोमीटर. हे शहर ते शहर आहे. टॉवर शहरात नसतो, बहुधा बाहेर मोकळ्या रानात असतो. मुंबई केंद्राची इमारत चर्चगेटला, पण प्रक्षेपक मालाडला, हे ठळक उदाहरण. सांगली इतकी जवळ आहे की टॉवर शहराच्या मध्यापासून तीन किलोमीटर बाजूला असला तरी चार-साडेचार अंशांचा फरक पडतो. म्हणून उपग्रहाच्या चित्रात टॉवर स्वतः शोधा. मोकळ्या शेतात उंच, बारीक मनोरा, त्याला ताणलेल्या तारा आणि जमिनीवर पडलेली लांबलचक सावली, अशी त्याची खूण. सावलीच आधी दिसते.

कुठल्या दोन रेषा एकमेकींना कशा छेदतात यावर सगळं अवलंबून आहे. काटकोनाच्या जवळपास छेदणाऱ्या जोड्या घ्या. सांगली आणि धारवाड यांच्यात ८५ अंश आहेत, पणजी आणि रत्नागिरी यांच्यात बरोबर ९०. याहून चांगल्या जोड्या मागून मिळणार नाहीत. पुणे आणि धारवाड मात्र आपल्या जवळजवळ समोरासमोर आहेत. त्यांच्या रेषा अवघ्या २० अंशांत छेदतात आणि थोडीशी चूक झाली तरी छेदबिंदू कुठल्या कुठे पळतो. पुणे मी वगळतो. आवाज छान येतो म्हणून मोह होतो, पण कामाचं नाही.

जागा आणि वेळ

घरात हे करू नका. स्लॅबमधल्या सळ्या, पाण्याचे पाइप, खिडकीचे गज सगळे रेडिओलहरी पकडतात आणि परत फेकतात, मग मुकी दिशा वीस-तीस अंशांनी सरकते. गाडीत बसून तर मुळीच नको. रंकाळ्याच्या काठावर सरावाला हरकत नाही, पण दिव्यांच्या खांबांपासून लांब उभे राहा. खरं काम मोकळ्या माळावर. पन्हाळ्याच्या पलीकडचं मसाई पठार यासाठी फार छान आहे. सपाट जांभा खडक, इमारती नाहीत, तारांचं जंजाळ नाही. हायटेन्शन लाइन दिसत असेल तर काही शे मीटर बाजूला सरका. उसाच्या पट्ट्यात शेतपंपांच्या मोटरी सुरू असल्या की त्यांचाही घरघराट येतो. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर तर शहरात सगळ्यांच्याच मुळावर उठलेत. जाता जाता सांगतो, शेजारचा नेमका कुठला चार्जर बोंबलतोय तेही याच मुक्या दिशेने सापडतं.

वेळ सकाळी दहा ते दुपारी चार. दिवसा वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर मीडियम वेव्ह शोषून घेतो, त्यामुळे वर गेलेल्या लहरी परत येत नाहीत आणि आपल्याला फक्त जमिनीलगत सरळ आलेली लहर मिळते. सूर्य बुडाला की तो थर विरतो, लहरी वरून परावर्तित होऊन खाली येतात आणि दोन्ही एकमेकींत मिसळतात. मुकी दिशा डोळ्यांदेखत डुलायला लागते, कधी नाहीशीच होते. रात्री दूरदूरची केंद्रं लागतात म्हणून मजा येते, पण दिशा काढायला रात्र निरुपयोगी. सूर्योदय-सूर्यास्ताचा तासभर सगळ्यात वाईट. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजांची कडकड रेडिओवर आधी ऐकू येते. ती यायला लागली की सामान आवरा. माळावर उघड्यावर उभे आहात, हे विसरू नका.

सह्याद्री मधे असून रत्नागिरी कसं लागतं, असं नवीन माणूस विचारतो. ११४३ किलोहर्ट्झची लहर सुमारे २६२ मीटर लांबीची असते. एवढी लांब लहर डोंगराला वळसा घालून येते. एफएमला ते जमत नाही.

मोजायचं कसं

पुठ्ठा स्टुलावर ठेवून चिकटपट्टीने पक्का करा. एकदा ठेवला की सगळी केंद्रं होईपर्यंत तो हलता कामा नये. शून्याची खूण कुठेही असू द्या. उत्तरेला लावायची गरज नाही, का ते पुढे येईल. रेडिओचा मध्य वर्तुळाच्या मध्यावर ठेवा.

पहिलं केंद्र लावा. आवाज मध्यम ठेवा. हळू फिरवत मुक्या दिशेपाशी या. मुकी दिशा नेमकी कुठे आहे ते थेट मोजायच्या फंदात पडू नका. आवाज जिथे बुडतो ती खूण वाचा, तसंच पुढे जा आणि जिथे परत वर येतो ती वाचा. समजा ३८ वर बुडाला आणि ४६ वर आला, तर मुकी दिशा ४२. प्रत्येक वाचनाआधी हात काढून घ्या, कारण हातही अँटेनासारखा वागतो. इअरफोनची वायर लावू नका.

मग रेडिओ अर्धं वर्तुळ फिरवून बाणाचं दुसरं टोक त्याच बाजूला आणा आणि पुन्हा मोजा. हिशेबाने २२२ यायला हवं, येईल २२६. त्यातून १८० वजा केले की ४६, आधीचे ४२, सरासरी ४४. सेटमधल्या वायरिंगमुळे खाच थोडी एका बाजूला झुकलेली असते, ती या उलटसुलट वाचनात आपोआप निघून जाते. ही पायरी कंटाळवाणी आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात.

सांगली, धारवाड, पणजी, रत्नागिरी, चारही अशीच. तीन मिळाली तरी भागतं. चौथं पडताळ्याला.

बटर पेपरची करामत

दिशा काढायची म्हटलं की सगळे होकायंत्र काढतात. त्यात गोम अशी की रेडिओच्या स्पीकरला मागे चांगला दणकट लोहचुंबक असतो आणि तो होकायंत्राची सुई आपल्याकडे ओढतो. मोबाइलमधलं होकायंत्रही त्याला भुलतं. आपण होकायंत्र बाजूलाच ठेवतो. उत्तर कुठे आहे ते माहीत नसलं तरी दोन केंद्रांमधला कोन आपल्याला नेमका माहीत आहे, आणि जागा काढायला तो पुरतो.

आलेख कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर असं प्रमाण घ्या. कोल्हापूरला एक बारीक फुली मारा. तिथून सांगली ३.४ उजवीकडे आणि १.७ वर. रत्नागिरी ९.९ डावीकडे आणि ३.२ वर. पणजी ४.४ डावीकडे, १३.४ खाली. धारवाड ८.२ उजवीकडे, १३.७ खाली. सगळं सेंटिमीटरमध्ये. साध्या आलेख कागदावर हे चारही बसतात. टॉवरच्या खऱ्या जागा शोधल्या असतील तर त्याप्रमाणे टिंबं सरकवा.

बटर पेपरच्या मध्यभागी एक टिंब द्या आणि त्यातून तुमच्या वाचनांप्रमाणे रेषा काढा, दोन्ही बाजूंना लांब. समजा पुठ्ठ्यावर सांगली २० वर आली, धारवाड १०५ वर, पणजी १५४ वर आणि रत्नागिरी २४४ वर. कोनमापकाने त्याच कोनांवर चार रेषा ओढा आणि प्रत्येकीवर केंद्राचं नाव लिहा. आता हा बटर पेपर आलेख कागदावर ठेवून सरकवत आणि फिरवत राहा. सांगलीची रेषा सांगलीच्या टिंबावरून, पणजीची पणजीवरून, रत्नागिरीची रत्नागिरीवरून जाईल अशी एकच जागा सापडते. ती सापडली की बटर पेपरच्या मध्याखाली टाचणी टोचा. तिथे तुम्ही आहात. वरच्या उदाहरणात टाचणी बरोबर कोल्हापूरच्या फुलीवर पडेल, करून बघा.

पहिल्यांदा हे माहीत असलेल्या जागीच करा, म्हणजे तुमच्या सेटची खोड कळते. एखादं केंद्र दर वेळी त्याच बाजूला सहा-सात अंश चुकत असेल, तर बहुतेक तुमच्या जवळपास तार किंवा पत्र्याची शेड आहे, नाहीतर टॉवर तुम्ही समजता तिथे नाही.

एक सावधगिरी. तुम्ही आणि तुमची तीन केंद्रं एकाच वर्तुळावर पडलात तर बटर पेपर कुठेही सरकवला तरी जुळतो आणि जागा ठरत नाही. आपण सांगली, पणजी, रत्नागिरी या त्रिकोणाच्या आत आहोत, त्यामुळे कोल्हापुरात ही अडचण येत नाही. त्रिकोणाच्या बराच बाहेर गेलात तर केंद्रं बदला.

चूक किती धरायची

६० किलोमीटरवर १ अंश म्हणजे साधारण १ किलोमीटर, हा हिशेब डोक्यात ठेवा. सांगलीच्या रेषेत १ अंश चुकलात तर साडेसहाशे मीटर, रत्नागिरीच्या रेषेत पावणेदोन किलोमीटर, धारवाडच्या पावणेतीन. हातातल्या सेटवर तीन अंशांची चूक गृहीतच धरा. म्हणजे सांगलीच्या रेषेत दोन किलोमीटर आणि रत्नागिरीच्या रेषेत साडेपाच.

यातून एक गोष्ट निघते, आणि मला ती या सगळ्या खटाटोपात सगळ्यात कामाची वाटते. कोल्हापुरातून उठून पन्हाळ्यावर या. सरळ रेषेत वीस किलोमीटरसुद्धा नाही. सांगलीची दिशा ६४ वरून ८५ वर जाते, २१ अंशांचा फरक. धारवाडची १४९ ची फक्त १४७ होते, म्हणजे साध्या सेटवर हललीच नाही म्हणा. खणखणीत लागणारं लांबचं केंद्र जागेबद्दल फार थोडं बोलतं. जवळ एखादं मरतुकडं केंद्र लागत असेल तर ते आधी धरा.

पन्हाळ्यावर आणखी एक गंमत होते. तिथे आपण सांगली आणि रत्नागिरी यांना जोडणाऱ्या रेषेच्या जवळ येतो. त्या दोघांच्या रेषा १८ अंशांत छेदतात आणि ती जोडी निकामी होते. कोल्हापुरात चाललेली जोडी पन्हाळ्यावर चालत नाही. तिथे सांगली आणि पणजी घ्या, त्यांच्यात १०७ अंश आहेत.

होकायंत्र वापरायचंच असेल तर

दोनच केंद्रं लागत असतील तर होकायंत्राशिवाय इलाज नाही. रेडिओ स्टुलावरून उचलून चांगला दोन-तीन मीटर लांब ठेवा, मग होकायंत्राने पुठ्ठ्याची शून्याची खूण उत्तरेला लावा आणि नंतर रेडिओ परत आणा. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात इतका थोडा आहे की या कामात सोडून दिला तरी चालतो. नकाशावर रेषा टॉवरपासून काढायची असते, म्हणून वाचनात १८० मिळवा. सांगली ६४ वर दिसत असेल तर सांगलीच्या टिंबापासून २४४ अंशांवर रेषा ओढायची.

एफएमवर जमतं का

जमतं, पण ढोबळ. एफएमची लहर तीन मीटरच्या आसपास, त्यामुळे इमारतींवर, डोंगरांवर आपटून उडते आणि खोट्या दिशा दाखवते. साधा उपाय असा: रेडिओ छातीशी घट्ट धरा, दांडी अर्धी ओढा आणि स्वतःभोवती हळू फिरा. सिग्नल सगळ्यात क्षीण झाला की टॉवर तुमच्या पाठीमागे आहे, कारण मधे तुमचं अंग आलं. इथे दोन टोकांचा घोळ नाही, हा त्याचा फायदा. पण वीस-तीस अंशांची चूक सहज होते, म्हणून सांगलीची रेषा कोणत्या टोकाला धरायची असले प्रश्न सोडवण्यापुरताच त्याचा उपयोग करा.

लॅपटॉप असेल तर पुढची पायरी

आतापर्यंत आपण दिशा मोजली. दुसरी पद्धत वेळ मोजायची. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. एकाच केंद्राचा सिग्नल दोन रिसीव्हरवर रेकॉर्ड करायचा, एक तुमच्या माहीत असलेल्या जागी, दुसरा शोधायच्या जागी. दोन्ही रेकॉर्डिंग एकमेकांवर सरकवून कुठे जुळतात ते बघितलं की कुणाकडे किती उशिरा पोचलं ते कळतं. एका केंद्रामुळे नकाशावर एक वक्र रेषा मिळते, तीन-चार केंद्रांमुळे बिंदू. २०१२ मध्ये ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सने याच कल्पनेवरची, आजूबाजूच्या टीव्ही, रेडिओ, वाय-फाय असल्या मिळतील त्या सिग्नलवर चालणारी व्यवस्था जाहीर केली होती. जीपीएसचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो आणि सहज दाबता येतो. गावातल्या टॉवरचा आवाज दाबणं तितकं सोपं नाही.

हौशी लोक यासाठी यूएसबीला लावायचा आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे रेडिओचा सिग्नल आकड्यांत बदलून लॅपटॉपला देणारा छोटा रिसीव्हर, वापरतात. तो सेकंदाला सिग्नलचे २४ लाख नमुने घेतो, म्हणजे एका नमुन्याच्या वेळात लहर १२५ मीटर जाते. मीडियम वेव्ह सगळ्या डोंगलवर लागत नाही, एफएम लागतं. अवघड भाग घड्याळाचा आहे. दोन लॅपटॉपची घड्याळं मायक्रोसेकंदाला जुळत नाहीत. त्यावर उतारा असा की टॉवरची जागा नेमकी माहीत असलेलं एक दणदणीत केंद्र दोन्हीकडे रेकॉर्ड करायचं आणि त्याच्यावर घड्याळं जुळवून घ्यायची. पण त्या केंद्रापासून शोधायच्या रिसीव्हरचं अंतर आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून तेही अज्ञात धरून समीकरणात ठेवावं लागतं आणि एक केंद्र जास्तीचं लागतं. सुरुवातीला दोन्ही रिसीव्हर एकाच टेबलावर ठेवून फरक शून्य येतो का ते बघा, मग एक गच्चीवर, मग एक मित्राच्या घरी. हे सगळं ऐकण्यापुरतंच आहे. स्वतः काही प्रसारित करायचं असेल तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना लागतो.

रेकॉर्डिंग गाणी चालू असताना करा, आणि ढोलकी-ताशा वाजत असेल तर उत्तमच. एफएममध्ये सिग्नलची रुंदी, म्हणजे तो किती फ्रिक्वेन्सींवर पसरतो ते, कार्यक्रमावर ठरते. निवेदक श्वास घ्यायला थांबला की जुळवायला हाती काहीच उरत नाही.